फायनल एक्झिटच्या आधी: नोकरी गेली तरी हक्क जात नाही

(मागच्या शुक्रवारी जुबैलमध्ये आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये जेवणानंतर जे बोललो, ते लिहून काढलं आहे. त्या दिवशी ड्युटीमुळे बऱ्याच जणांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी. हिशोबाचे आकडे लिहिताना पुन्हा एकदा तपासून घेतले आहेत.)



आज सुट्टीचा दिवस. कपडे धुवायचे असतात, घरी व्हिडिओ कॉल करायचा असतो, तरीही तुम्ही बसलात याबद्दल आभार. मी वकील नाही. रत्नागिरीला सिव्हिलचा डिप्लोमा केला, २०१४ साली सौदीत आलो, आज साइटवर सुपरवायझर आहे. काँक्रीट, शटरिंग, लेव्हल हे माझं काम. कायदा मी शिकलो तो स्वतःचे पैसे गेल्यावर. म्हणून आधी तेच सांगतो.

२०१८ साली रियाधमध्ये माझी पहिली नोकरी गेली. चार वर्षं पूर्ण झाली होती. पगार ३,००० रियाल. एक दिवस मंदूब आला, म्हणाला, "प्रोजेक्ट संपला, तुझा हिसाब झालाय, इथे सही कर, परवा फ्लाइट आहे." कागद सगळा अरबीत. मी डिप्लोमावाला, ड्रॉइंग वाचणारा माणूस. पण घरी जायचं म्हणून खुशीत होतो, सही ठोकली. हातात आले २,००० रियाल सर्व्हिसचे आणि चालू महिन्याचा पगार. घरी जाऊन एका ओळखीच्या मौलानांना कागदाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "बेटा, यात लिहिलंय की तू राजीनामा दिलास." कंपनीने मला काढलं होतं, पण कागदावर मी स्वतः सोडून गेलो होतो. कंपनीने काढलं असतं तर सर्व्हिसचे ६,००० मिळाले असते. एका सहीत ४,००० रियाल गेले. त्या वेळी आमच्याकडे तेवढ्यात घरावर नवी कौलं चढली असती.

तर आजचं बोलणं एवढ्यासाठीच आहे. इथे नोकरी जाणं आपल्या हातात नाही. तेलाचा भाव पडतो, प्रोजेक्ट थांबतो, सबकॉन्ट्रॅक्टर पळून जातो. पण नोकरी गेल्यावर किती पैसे घेऊन घरी जायचं, हे बरंचसं त्या शेवटच्या आठवड्यात आपण काय सही करतो आणि काय करत नाही यावर ठरतं.

आधी बघा, नोकरी कोणी संपवली

सौदीचा कामगार कायदा २००५ सालचा आहे. २०१५ मध्ये त्यात मोठे बदल झाले, आणि अगदी अलीकडे १९ फेब्रुवारी २०२५ पासून आणखी बदल लागू झाले. त्यात नोकरी संपण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

एक, करार संपला आणि नवा झाला नाही. दोन, कंपनीने मधेच काढलं. तीन, तुम्ही राजीनामा दिला. चार, कंपनीने तुमच्या गुन्ह्यामुळे, म्हणजे कलम ८० खाली काढलं.

पहिल्या दोन प्रकारांत सर्व्हिसचे पूर्ण पैसे मिळतात. तिसऱ्यात कमी मिळतात. चौथ्यात सर्व्हिसचे पैसे काहीच नाहीत. आता तुम्हीच सांगा, कंपनीला कोणता कागद आवडेल? म्हणून कागदावर 'इस्तिकाला' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवायचा. इस्तिकाला म्हणजे राजीनामा. अरबी वाचता येत नसेल तर आज प्रत्येकाच्या फोनमध्ये कॅमेरा धरून भाषांतर दाखवणारं अॅप आहे. ते शंभर टक्के बरोबर नसतं, पण राजीनामा आणि हिशोब यातला फरक नक्की दाखवतं. मंदूब घाई करत असेल तर म्हणा, "बुक्रा." उद्या सही करतो. एका रात्रीत कंपनी बुडत नाही.

आणि कोणी राजीनाम्यावर आधीच सही करून बसला असेल, तर नव्या बदलानुसार दिल्यापासून ७ दिवसांच्या आत तो मागे घेता येतो, मात्र कंपनीने त्याआधी तो मंजूर केलेला नसावा. म्हणजे कळल्या कळल्या हालचाल करायची, पुढच्या शुक्रवारची वाट बघत बसायचं नाही.

सर्व्हिसचे पैसे कसे मोजायचे

हे सगळ्यांनी पाठ करा. पहिली पाच वर्षं, दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार. पाच वर्षांनंतर, दर वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार. वर्ष अर्धवट असेल तर त्या प्रमाणात. आणि पगार म्हणजे शेवटचा पगार, तुम्ही आलात तेव्हाचा नाही. त्यात फक्त बेसिक नाही, दर महिन्याला ठरलेला भत्ता मिळत असेल तर तोही धरायचा.

आपल्यातलंच उदाहरण घेऊ. शटरिंग कारपेंटर, पगार १,८०० रियाल, सात वर्षं झाली. पहिल्या पाच वर्षांचे ९०० गुणिले ५, म्हणजे ४,५००. पुढच्या दोन वर्षांचे १,८०० गुणिले २, म्हणजे ३,६००. एकूण ८,१०० रियाल.

त्याच माणसाने राजीनामा दिला तर? कलम ८५ बघा. दोन वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर काही नाही. दोन ते पाच वर्षं असतील तर एक तृतीयांश. पाचच्या पुढे आणि दहाच्या आत असतील तर दोन तृतीयांश. दहा किंवा जास्त असतील तर पूर्ण. म्हणजे आपल्या कारपेंटरला ८,१०० ऐवजी ५,४०० मिळतील. २,७०० रियालचा फरक, तो पण त्याने मागितलेला नसताना.

इथे एक हुशारीची गोष्ट. घरी कायमचं जायचं ठरवलं असेल आणि करार दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर राजीनामा देऊ नका. करार संपू द्या, आणि नवा करायचा नाही असं मुदतीच्या आत लेखी कळवा. करार संपून गेलात तर पूर्ण पैसे. आपले करार मुदतीचेच असतात. करारावर मुदत लिहिलेली नसेल तर परदेशी कामगाराचा करार कायद्याने एक वर्षाचा धरला जातो. मुदत कधी संपते ते किवा अॅपवर आपल्या खात्यात दिसतं. ज्यांनी अजून किवावर खातं उघडलेलं नाही, त्यांनी आज रात्री उघडा. इकामा नंबर आणि अब्शर लागतं, दहा मिनिटांचं काम आहे.

सर्व्हिसशिवाय आणखी काय काय येतं

बऱ्याच जणांना वाटतं हिसाब म्हणजे फक्त सर्व्हिस. नाही. यादी लिहून घ्या.

राहिलेला पगार, शेवटच्या दिवसापर्यंत.

ओव्हरटाइम. तासाचा पगार अधिक बेसिकच्या तासाच्या ५० टक्के. यासाठी टाइमशीट लागते. मी सुपरवायझर म्हणून सांगतो, दर महिन्याला टाइमशीटचा फोटो काढा. सुपरवायझर नको म्हणाला तर मला नाव सांगा, मी बोलतो त्याच्याशी.

न घेतलेली वार्षिक रजा. वर्षाला कमीत कमी २१ दिवस, आणि त्याच मालकाकडे पाच वर्षं झाल्यावर ३० दिवस. उरलेले दिवस पैशांत मिळतात.

परतीचं तिकीट. कलम ४०. इकामा, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण आणि उशीर झाला तर त्याचा दंड, हे सगळं मालकाने भरायचं. काम संपल्यावर घरी जायचं तिकीटही मालकाचं. तुम्ही काही कारण नसताना आपल्या मर्जीने निघालात तर मात्र तिकीट तुमचं. आणि इकाम्याचे पैसे कंपनीने पगारातून कापले असतील तर तेही हिशोबात मागा.

सर्व्हिस सर्टिफिकेट. फुकट द्यावं लागतं, आणि त्यात तुमचं वाईट होईल असं काही लिहिता येत नाही. पुढच्या नोकरीला हे कामाला येतं.

आणि पासपोर्ट. तो तुमचा आहे. कंपनीच्या तिजोरीत ठेवायचा नाही.

आता भरपाई. कंपनीने योग्य कारणाशिवाय करार मधेच तोडला तर कलम ७७ प्रमाणे उरलेल्या मुदतीचा पगार मिळतो, आणि तो दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी असू शकत नाही. पण करारातच भरपाईचा वेगळा आकडा लिहिलेला असेल तर तोच चालतो. म्हणून येतानाच करार वाचायचा. आणि हे कलम दोन्ही बाजूंनी लागतं. तुम्ही करार मधेच कारण नसताना सोडून गेलात, तर कंपनी तुमच्याकडून मागू शकते. हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. कंपनी कायमची बंद पडली किंवा तो धंदाच बंद केला, तर ही भरपाई नाही, पण सर्व्हिस, रजा, पगार, तिकीट हे सगळं तरीही लागतं.

आजारी माणसाबद्दल एक वाक्य. वर्षाला ३० दिवस पूर्ण पगारी आजारी रजा, पुढचे ६० दिवस तीन चतुर्थांश पगार, पुढचे ३० दिवस बिनपगारी. ही रजा संपायच्या आत आजारपणाच्या कारणाने काढता येत नाही. सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्याचा रिपोर्ट मात्र हवा.

आणि ज्याला वाटतं की सौदीत बेकारी भत्ता मिळतो, तो इथल्या नागरिकांसाठी आहे. आपल्यासाठी नाही. आपलं जे आहे ते एवढंच, म्हणून ते सोडायचं नाही.

रागाने खोलीत बसू नका

पगार दोन महिने आला नाही की आपला माणूस काय करतो? "खल्ली वल्ली, आता कामावर जातच नाही," म्हणून बेडवर पडून राहतो. तुमचा राग मला कळतो. पण कलम ८० मध्ये लिहिलंय, योग्य कारणाशिवाय सलग १५ दिवसांपेक्षा जास्त, किंवा वर्षात तुटक ३० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर कंपनी सर्व्हिसचे पैसे न देता काढू शकते. त्याआधी लेखी ताकीद द्यावी लागते आणि तुमचं म्हणणं ऐकावं लागतं हे खरं, पण तो वाद घालण्यापेक्षा कामावर हजर राहणं सोपं. इथे युनियन नाही, संपाला परवानगी नाही. तक्रार हेच आपलं हत्यार. हजेरी लावा आणि तक्रार करा, दोन्ही एकाच वेळी.

याचीच दुसरी बाजू कलम ८१. कंपनी करारातल्या मुख्य गोष्टी पाळत नसेल, फसवत असेल, मारहाण किंवा अपमान करत असेल, ठरल्यापेक्षा अगदी वेगळं काम जबरदस्तीने करवत असेल, तर तुम्ही नोटीस न देता सोडू शकता आणि सगळे हक्क शाबूत राहतात. पण हे सिद्ध करावं लागतं. म्हणून आधी तक्रार नोंदवा, मग पाऊल उचला. उलट करू नका.

हुरूबची भीती

"केस केली तर हुरूब लावतील." प्रत्येक कॅम्पमध्ये हे वाक्य ऐकलंय. हुरूब म्हणजे काम सोडून पळून गेल्याची नोंद. पूर्वी ती लागली की माणूस संपला. ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदलला. कंपनीने गैरहजेरीची नोंद केली तर तुम्हाला ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत दुसऱ्या कंपनीत ट्रान्स्फर करा किंवा फायनल एक्झिट घ्या. ६० दिवस काहीच केलं नाही तर मग खरा हुरूब लागतो आणि पकडलं तर डिपोर्टेशन. म्हणून मोबाइल नंबर अब्शरला जोडलेला ठेवा, मेसेज वाचा. नंबर बदलला आणि अब्शरमध्ये जुनाच राहिला म्हणून साठ दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे न कळलेले दोघे जण मला माहीत आहेत. तुमच्यात तिसरा नको.

कफील बदलता येतो

१४ मार्च २०२१ पासून दुसरा मोठा बदल झाला. एक वर्ष पूर्ण झालं की नोटीस देऊन किवावरून दुसरीकडे ट्रान्स्फर करता येते, मालकाचं नाहरकत लागत नाही. काही वेळा वर्षही थांबावं लागत नाही: सलग तीन महिने पगार नाही, इकामा किंवा वर्क परमिट संपलंय, आल्यापासून तीन महिन्यांत किवावर करार नोंदवला नाही, किंवा कामगार वादात कंपनी दोन तारखांना आलीच नाही. पगार थकलेला असताना तिकीट मागून घरी जाण्यापेक्षा पुष्कळदा ट्रान्स्फर हाच चांगला मार्ग असतो. नवी नोकरी चालू राहते आणि जुन्या कंपनीवरचा दावाही चालू राहतो. ट्रान्स्फर केली म्हणून जुना हिशोब मेला, असं होत नाही.

पण लक्षात ठेवा, घरचा ड्रायव्हर, घरकाम करणारा, शेतावर किंवा मेंढ्यांवर असलेला माणूस, यांना हा बदल लागत नाही. त्यांचे नियमच वेगळे आहेत. घरकामगाराला एकाच मालकाकडे सलग चार वर्षं झाल्यावर एक महिन्याचा पगार मिळतो. आपल्या गावचं कोणी घर-ड्रायव्हर म्हणून आलं असेल तर आपलं गणित त्याला सांगून त्याची आशा वाढवू नका, त्याच्या नियमांची माहिती द्या.

तक्रार कशी करायची

कंपनीने काढलं तर ७ दिवसांत सगळा हिशोब द्यायचा. तुम्ही सोडलं तर १४ दिवसांत. हे कलम ८८. हे दिवस उलटले की तक्रार.

तक्रार आधी मंत्रालयाच्या तडजोड विभागाकडे जाते. आपण याला अजून मकतब अमल म्हणतो, पण आता अर्ज ऑनलाइन होतो. दोन तारखांमध्ये, २१ कामाच्या दिवसांत, तडजोडीचा प्रयत्न होतो. नाही जमलं तर प्रकरण कामगार कोर्टात जातं. ही कोर्टं २०१८ पासून न्याय मंत्रालयाखाली आहेत. कामगाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची तारीख: नोकरी संपल्यापासून १२ महिने. त्यानंतर कोर्ट दावा घेत नाही. "पुढच्या वर्षी परत आल्यावर बघू" म्हणणाऱ्याचे पैसे तिथेच संपतात.

मागच्या वर्षी आमच्या साइटवरच्या एका सबकॉन्ट्रॅक्टरच्या माणसाबरोबर मी बसलो होतो. नांदेडकडचा शटरिंग कारपेंटर, मघाशी जो हिशोब केला तो त्याचाच. कंपनीने राजीनामा पुढे केला. त्याने सही केली नाही. तीन दिवस मंदूब रोज खोलीवर यायचा, कधी गोड बोलून, कधी दम देऊन. हा एकच वाक्य बोलायचा, "हिसाब दाखव, मग सही." चौथ्या आठवड्यात दुसरी तारीख होती. कंपनीचा माणूस हजर झाला आणि सर्व्हिसचे ८,१००, चाळीस दिवसांच्या रजेचे २,४०० आणि तिकीट द्यायला तयार झाला. करार मधेच तोडल्याची भरपाई त्याने सोडून दिली. मी म्हणालो, कोर्टात जा, मिळेल. तो म्हणाला, "दादा, मुलीचं लग्न आहे वैशाखात, आत्ता १०,५०० हातात येतायत ते बरे." त्याचा निर्णय त्याचा. पण त्याने काय सोडलं हे त्याला माहीत होतं. मी २०१८ ला काय सोडलं हे मला माहीतच नव्हतं.

पुरावा म्हणून काय काय ठेवायचं: कराराचा फोटो, इकाम्याचा फोटो, बँकेत पगार आल्याचे मेसेज, टाइमशीटचे फोटो, मंदूब आणि फोरमनचे व्हॉट्सअॅप मेसेज. हे सगळं फोनमध्ये नाही, घरी बायकोच्या किंवा भावाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. फोन हरवतो, चोरीला जातो. घरच्या फोनमधला फोटो राहतो.

मुखालसा: शेवटची सही

हिशोब झाल्यावर कंपनी एक कागद देते, मुखालसा. त्यात लिहिलेलं असतं, "मला सगळे पैसे मिळाले, माझा काही दावा नाही." करार चालू असताना हक्क सोडून दिल्याचा असा कागद करून घेतला तर कायदा तो मानत नाही, हे कलम ८ मध्ये आहे. पण त्यावर विसंबू नका. करार संपल्यानंतर केलेली सही तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. म्हणून क्रम एकच: पैसे बँकेत, मग सही. "सही कर, पैसे एअरपोर्टवर देतो" असं कोणी म्हटलं तर हसून नाही म्हणा. एअरपोर्टवर पैसे घेऊन उभा असलेला मंदूब मी अकरा वर्षांत बघितलेला नाही.

फायनल एक्झिट लागल्यावर देश सोडायला ६० दिवस असतात. परवाच निघायला हवं असं काही नाही. मंदूब सांगतो तेवढी घाई कायद्याला नाही.

कंपनीच बुडाली तर

आता वाईटातली वाईट वेळ. तुमच्यातल्या जुन्या लोकांना २०१६ आठवत असेल. सौदी ओजर, इथल्या सगळ्यात मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एक. महिनोन्महिने पगार नाही, आणि जुलै २०१६ मध्ये जेद्दाच्या कॅम्पमधल्या मेसही बंद झाल्या. ज्या माणसांनी राजवाडे बांधले त्यांना दोन वेळचं जेवण नव्हतं. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सांगितलं की १०,००० हून जास्त भारतीय अडचणीत आहेत. जेद्दाचं भारतीय कॉन्सुलेट आणि तिथल्या भारतीय लोकांनी मिळून कॅम्पमध्ये धान्य वाटलं. राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला आले. सौदी सरकारने एक्झिट दिलं, घरी जायची सोय केली, ट्रान्स्फरची सोय केली, आणि राजे सलमान यांनी अडकलेल्या कामगारांच्या प्रश्नासाठी १० कोटी रियाल मंजूर केले. ३१ जुलै २०१७ ला ती कंपनी कायमची बंद झाली.

यातून आपण काय घ्यायचं? त्या वेळी पुष्कळ जण घरी गेले, पण जाण्याआधी आपला दावा लिहून दूतावासाकडे दिला आणि आपल्या वतीने पैसे मागायचा अधिकार दिला. हा फार महत्त्वाचा कागद आहे. पैसे लवकर मिळाले असं मी म्हणणार नाही, वर्षानुवर्षं लोक थांबले. पण बघा, फिलिपिन्सच्या कामगारांचं काय झालं. त्याच बुडालेल्या कंपन्यांतल्या सुमारे १०,००० फिलिपिनो कामगारांचे पैसे देण्याचं सौदी युवराजांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या अध्यक्षांना सांगितलं, आणि २०२४ मध्ये त्यांचे चेक वटायला लागले. सात-आठ वर्षांनी! ज्याचं नाव यादीत होतं, ज्याचा हिशोब कागदावर होता, तोच त्या रांगेत उभा राहू शकला. नुसतं "माझे सहा महिन्यांचे पैसे राहिले" असं गावात सांगत फिरणारा माणूस कोणत्याच यादीत नसतो.

ऑक्टोबर २०२४ पासून सौदीत परदेशी कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी विमाही सुरू झालाय. कंपनीने बहुतेक कामगारांचा पगार सहा महिने दिला नाही तर ठरलेल्या अटींवर १७,५०० रियालपर्यंत मिळू शकतात, आणि तिकिटासाठी १,००० पर्यंत. याचा फायदा कंपनीच्या कागदावर असलेल्यालाच. आझाद व्हिसावर इकडे-तिकडे काम करणाऱ्याला, ज्याचा कफील एक आणि काम दुसरीकडे, त्याला यातलं काहीही मिळणं कठीण. तसं काम करणं बेकायदेशीर आहे, हेही इथे स्पष्ट सांगतो.

घरी जायचंच असेल तर

आई आजारी असते, मन लागत नाही, हिशोबाची वाट बघत राहणं जमत नाही. तरी चालेल, पण जाण्याआधी चार गोष्टी करा. तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. इथे विश्वासातल्या माणसाला वकाला, म्हणजे अधिकारपत्र, द्या. रियाधच्या दूतावासात किंवा जेद्दाच्या कॉन्सुलेटमध्ये लेखी अर्ज द्या. आणि मदद पोर्टलवर तक्रार टाका. हे पोर्टल भारत सरकारने २०१५ मध्ये काढलं, गावाकडून तुमचा मुलगाही त्यावर तक्रार टाकू शकतो, आणि तिचं पुढे काय झालं ते दिसतं. अडकलेल्या माणसाला तिकिटापासून जेवणापर्यंत मदत करायला दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. तो भीक नाही. आपण पासपोर्टसाठी, कागदपत्रांसाठी दूतावासात जी फी भरतो, त्यातूनच तो उभा राहिलाय. मागायला लाजू नका.

शेवटचं, घरच्यांबद्दल. नोकरी गेली की आपण पहिल्यांदा घरी खोटं बोलतो. "सगळं ठीक आहे." मी पण बोललो होतो. त्यामुळे घरून फोन येत राहतो, कधी पाठवतोस, कधी येतोस, आणि आपण त्या घाईत मिळेल त्या कागदावर सही करतो. मंदूबला हे पक्कं माहीत असतं. म्हणून घरी सांगा: "नोकरी गेलीय, हिशोब बाकी आहे, एक-दोन महिने लागतील, घेऊनच येतो." बायको रडेल थोडी, मग सावरेल. आपल्या बायका आपल्यापेक्षा खंबीर आहेत, नाहीतर आपण इतकी वर्षं इथे आणि घर त्यांच्या जिवावर, हे चाललंच नसतं.

आता चहा येतोय. ज्यांनी किवा उघडलेलं नाही त्यांनी फोन घेऊन माझ्या बाजूला बसा. आणि ज्याच्याकडे सही करायचा कागद आलाय, त्याने तो आज सही न करता दाखवायला आणा. आपण एकत्र बसून वाचू.